माहीत नाही, करून बघू

सहावीतल्या तीस मुलांच्या हातात पट्ट्या देऊन एकाच टेबलाची लांबी मोजायला सांगितली, तर तिसांकडून एकच उत्तर येत नाही. कोणी १२१ सेंटिमीटर म्हणतो, कोणी साडेएकशेवीस, एखादा थेट ११९. मग सगळे सरांकडे बघतात. सर, बरोबर कोणाचं? बहुतेक वर्गांत सर एक आकडा सांगतात, बाकीचे चूक ठरतात आणि तास संपतो.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरममध्ये, एके काळी धडा या प्रश्नापाशी सुरू होत असे. सगळे आकडे फळ्यावर लिहायचे आणि ते वेगळे का आले याचा शोध घ्यायचा. पट्टी उचलून पुढे ठेवताना सरकली का? तिची कड झिजली आहे का? वाचताना डोळा तिरका होता का? या फरकाला तिथल्या पुस्तकात ‘घट-बढ’ असं साधं नाव होतं. रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरला ही घट-बढ रोज भेटते. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचा आकडा वेगळा, दहा मिनिटं बाकावर बसल्यानंतरचा वेगळा. एकाच मोजणीवर विसंबून जन्मभराची गोळी सुरू करायची नसते, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला विशीत शिकवावं लागतं. होशंगाबादच्या खेड्यातली मुलं ते अकराव्या वर्षी शिकत होती.

फळ्यावर तीस वेगळे आकडे असताना गप्प उभं राहणं शिक्षकाला सोपं नसतं. त्याचा सगळा अधिकार ‘बरोबर उत्तर मला माहीत आहे’ यावर उभा असतो. तो अधिकार त्याने आपणहून बाजूला ठेवायचा, तर त्याच्यासमोरही कधीतरी कोणीतरी तसाच उभा राहिलेला असायला हवा. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाबद्दल बोलताना प्रयोग, किट आणि पुस्तकांची चर्चा फार होते. त्यामागे माणसं घडवण्याची जी व्यवस्था होती, तिच्याबद्दल त्या मानाने कमी बोललं जातं.

कार्यक्रम सुरू झाला १९७२ मध्ये, सोळा माध्यमिक शाळांमध्ये, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत. सुरू करणाऱ्या संस्था दोन होत्या. रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर ही एक आणि बनखेडीजवळची ‘किशोर भारती’ ही दुसरी. किशोर भारती उभारणारे अनिल सद्गोपाल हे रेण्वीय जीवशास्त्रज्ञ. कॅल्टेकमधून पीएचडी केलेले, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत म्हणजे टीआयएफआरमध्ये काम करणारे. १९७१ मध्ये ते नोकरी सोडून खेड्यात गेले. त्याच संस्थेतले काही भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवून पाहत होते. तो अनुभव गाठीशी घेऊन मुंबईची मंडळी होशंगाबादला गेली. त्यांत प्रा. यशपाल होते. पुढे १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक येऊ लागले. त्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाने फेलोशिप दिली. एरवी शाळेतल्या सहावीच्या वर्गासाठी विद्यापीठाच्या प्राध्यापकाला फेलोशिप मिळणं अवघड, पण मिळाली खरी.

आता गाठ पडणार होती ती कोणाची कोणाशी, हे डोळ्यांपुढे आणावं. एका बाजूला अणुकेंद्राच्या भौतिकीवर निबंध लिहिणारा प्राध्यापक. दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या शाळेतले ‘मास्साब’. तिकडे शिक्षकांना याच नावाने हाक मारतात. यांतल्या अनेकांनी शाळा सोडल्यानंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नव्हतं. काहींना वरून हुकूम आला म्हणून विज्ञान शिकवावं लागत होतं. नेहमीच्या रीतीने पाहिलं तर प्राध्यापकाने व्याख्यान द्यायचं, मास्साबांनी वहीत उतरवून घ्यायचं, शेवटी हारतुरे आणि चहा. आपल्याकडची निम्मी प्रशिक्षणं अशीच पार पडतात.

होशंगाबादच्या उन्हाळी प्रशिक्षणात रीत उलटी होती. शिक्षकांना प्रयोग शिकवले जात नव्हते. मुलांनी करायचा तोच प्रयोग शिक्षकांनी चार-चारच्या टोळीत करायचा, मुलांच्याच पुस्तकातून. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या त्या पुस्तकात प्रश्न होते, उत्तरं नव्हती. रोपं उपटून आणायची, मुळं पाहायची, पानावरच्या शिरा पाहायच्या. जाळीदार शिरांच्या झाडाला बहुधा सोटमूळ निघतं आणि समांतर शिरांच्या झाडाला तंतुमुळं, हे पुस्तकाने सांगायच्या आधी तक्त्यातून दिसलं पाहिजे. फुलाचे भाग वेगळे करायला सुईऐवजी बाभळीचा काटा चालतो, हेही अशाच कामातून पुढे आलं. आणि हे सगळं करताना कोणाला तरी नियमात न बसणारं रोप सापडतंच. मग ते रोप घेऊन मास्साब प्राध्यापकाकडे जातात. इथे खरी परीक्षा मास्साबांची नसते, प्राध्यापकाची असते. त्याला उत्तर माहीत नसण्याची शक्यता बरीच असते, कारण तो भौतिकशास्त्राचा.

‘माहीत नाही, करून बघू’ हे उत्तर त्या मंडळींनी रुळवलं. ऐकायला ते फारसं काही वाटत नाही. पण सरकारी रुग्णालयात राऊंडवर असलेल्या वरिष्ठ डॉक्टरच्या तोंडून ‘मला माहीत नाही, चला वाचू’ हे शब्द ऐकलेला निवासी डॉक्टर ते वर्षानुवर्षं विसरत नाही. कारण ते क्वचित ऐकू येतात. त्यापेक्षा पुष्कळ वेळा ऐकू येतं ते ‘एवढंही माहीत नाही?’ आणि असं ऐकलेला मुलगा पुढे स्वतः वरिष्ठ झाला की काय म्हणतो, हे वेगळं सांगायला नको. शिकवण्याची पद्धत पुस्तकातून उचलली जात नाही, ती अंगाला लागते. आपल्याला ज्या तऱ्हेने शिकवलं गेलं त्याच तऱ्हेने आपण शिकवतो. होशंगाबादच्या मंडळींनी हे ओळखलं होतं. म्हणून शिक्षकाला ‘मुलांना प्रश्न विचारू द्या’ असा उपदेश करण्याऐवजी त्यांनी शिक्षकालाच प्रश्न विचारायची सवय लावली.

प्रशिक्षण तीन आठवड्यांचं होतं आणि एकदाच नव्हतं. सहावी, सातवी, आठवी असं एकेका इयत्तेसाठी, लागोपाठ तीन उन्हाळे. पण खरी गंमत उन्हाळ्यानंतर होती.

दर महिन्याला आसपासच्या शाळांमधले शिक्षक एका ठिकाणी जमत. तिथे काय झालं नाही, याची चर्चा होई. अमुक प्रयोग वर्गात फसला. साठ मुलं आणि सूक्ष्मदर्शक एक. मुलाने विचारलं त्याचं उत्तर देता आलं नाही. पुढच्या महिन्याचा धडा तिथे बसून आधी करून पाहायचा. बैठकीच्या मधल्या काळात कोणीतरी शाळेत जाऊन वर्ग पाहून येई. याला ‘अनुवर्तन’ म्हणत. पाहायला येणारा साहेब नव्हता आणि शेरेबुक घेऊन येत नव्हता. तो मागच्या बाकावर बसे, लागला तर एखाद्या टोळीला हात देई, आणि वर्गात जे दिसलं ते पुढच्या बैठकीत मांडे. धडा शिक्षकाला जमत नसेल तर आधी धड्यात दोष आहे का हे पाहिलं जाई. अशा नोंदींवरून पुस्तकं पुन्हा पुन्हा बदलली गेली. आणि महत्त्वाचं म्हणजे ही बैठक हौसेची नव्हती. ती कामाचा भाग होती, तिला प्रवासखर्च होता. सरकारी नोकरीत असलेल्या वाचकांना या शेवटच्या वाक्याचं मोल समजेल. वडीलधाऱ्या सहकाऱ्याने धाकट्याला हाताशी धरावं, अशी अपेक्षा सगळेच करतात. त्यासाठी आठवड्याच्या वेळापत्रकात तासभर कोणी ठेवत नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांत अलीकडे प्रत्येक विद्यार्थ्याला ‘मेंटॉर’ नेमून दिला जातो. यादी सूचनाफलकावर लागते, एका अध्यापकाच्या वाट्याला मुलं येतात, नोंदवही तयार होते. शिक्षकांसाठी तीन दिवसांची कार्यशाळा होते, प्रमाणपत्र मिळतं, समूहछायाचित्र निघतं. त्यात वाईट काही नाही. पण क्षयरोगाच्या रुग्णाला पहिल्या महिन्याच्या गोळ्या देऊन ‘या आता’ म्हटलं आणि पुन्हा कधी बोलावलंच नाही, तर काय होईल? उपचार किमान सहा महिन्यांचा असतो, आणि रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जरा बरं वाटायला लागलं की सुटतो. म्हणून तर पाठपुराव्याची एवढी यंत्रणा उभारावी लागली. शिक्षकाचंही तसंच होतं. कार्यशाळेतून तो उत्साहात परततो, आणि ऑक्टोबरच्या आसपास, अभ्यासक्रम मागे पडला की, हळूच फळ्याकडे वळून लिहून द्यायला लागतो. त्या वेळी शेजारी कोणी आहे की नाही, यावर सगळं अवलंबून.

होशंगाबादच्या बैठकांतून आणखी एक गोष्ट घडली. ती कदाचित आधी ठरवलेलीही नसावी. काही वर्षांनी प्रशिक्षण देणाऱ्यांच्या गटात, ज्याला ते ‘स्रोत दल’ म्हणत, शाळेतले मास्साबच दिसू लागले. ज्यांनी पूर्वी बाकावर बसून रोपं मोजली होती तेच आता नव्या शिक्षकांच्या टोळीत बसू लागले, प्रश्नपत्रिका काढायला बसू लागले, धडे लिहिण्याच्या बैठकीत प्राध्यापकांशी वाद घालू लागले. प्रश्नपत्रिका काढणं सोपं काम नव्हतं. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची होती आणि सोबत प्रात्यक्षिक होतं. पाठ केलेलं विचारून उपयोग नव्हता. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांमध्ये न्यायचा ठरला तेव्हा सोळाच्या जागी दोनशेहून अधिक शाळा आल्या. मुंबई-दिल्लीच्या पाहुण्यांच्या जोरावर ते शक्य नव्हतं. स्थानिक शिक्षक तयार होते म्हणून जमलं. १९८२ मध्ये काम पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांतले विनोद रैना दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा राहिला.

याच सुमारास महाराष्ट्रात एक नातेवाईक शोभेल असं काम चाललं होतं. मुंबईहून इटारसीकडे जाणारी गाडी भुसावळ सोडल्यावर रावेरवरून जाते. रावेर तालुक्यातलं खिरोदा हे गाव टीआयएफआरच्या दुसऱ्या एका गटाने निवडलं होतं. १९७४ मध्ये टीआयएफआरने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. त्यामागे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ भा. मा. उदगावकर होते, पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झालेले, आणि केंद्राची धुरा होती वि. गो. कुलकर्णी यांच्याकडे. सुरुवातीची बरीच वर्षं हे केंद्र नाना चौकातल्या महापालिकेच्या एका शाळेत होतं. मानखुर्दची इमारत नंतरची.

कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे पाहिलं ते मराठी वाचकाला आजही लागू आहे. मुलाला विज्ञान कळत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा कळत नसते. जडजंबाल समास, एकात एक अडकलेली वाक्यं. तीच गोष्ट साध्या मराठीत मांडली की मुलांची कामगिरी सुधारते, हे त्यांनी शाळांमध्ये तपासून दाखवलं. मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबरचं त्यांचं काम याच वाटेचं. मुलांमध्ये उणीव शोधण्याऐवजी शिकवण्यात शोधायची, हा त्याचा रोख. (औषधाच्या पाकिटातली मराठी पत्रकं लिहिणाऱ्यांनी हे संशोधन एकदा डोळ्यांखालून घालावं.)

होशंगाबादने चळवळ उभी केली, तर या केंद्राने संशोधकांची जमात उभी केली. विज्ञान शिकवणं हाच संशोधनाचा विषय घेऊन पीएचडी करता येते, हे भारतात रुळवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. केंद्राचं नेतृत्व ज्यांच्याकडे आलं त्यांतले बरेच जण मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. आपल्या विषयातली वाट सोडून सहावीतलं मूल ‘वेग’ म्हणजे काय समजतं, हे शोधत बसणं त्यांच्या क्षेत्रात पदोन्नतीच्या कामाचं नव्हतं. अशा वेळी पहिल्या पिढीने दुसऱ्या पिढीसाठी केलेली सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे जागा करून देणं. पदं, पीएचडीची सोय, परिषदा. २००४ पासून केंद्राने ‘एपिस्टेम’ नावाच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका सुरू केली. पहिली गोव्यात, दोनापावलाला झाली. तरुण संशोधकाला आपल्यासारखे वेडे आणखीही आहेत हे कळणं, ही मार्गदर्शनातली अर्धी लढाई असते.

होशंगाबादची गोष्ट मात्र इतकी सरळ गेली नाही. तिथल्या व्यवस्थेच्या मर्यादा आतल्या लोकांना ठाऊक होत्या. तयार झालेल्या शिक्षकाची बदली होई आणि त्याच्या जागी कोरा माणूस येई. किट संपलं की वेळेवर भरून येत नसे. आणि मुलं नववीत गेली की पुन्हा तेच पाठांतराचं विज्ञान समोर. पालकांना ते टोचत होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या मुलांवर हा प्रयोग का, दहावीच्या निकालावर परिणाम झाला तर जबाबदार कोण, असे प्रश्न विचारले जात होते. ते प्रश्न सगळेच खोडसाळ नव्हते. ज्याच्या घरातलं पहिलंच मूल दहावीला बसणार आहे, त्या बापाला घट-बढीचं कौतुक सांगून भागत नाही.

तीस वर्षं चाललेला, सुमारे हजार शाळांपर्यंत पसरलेला हा कार्यक्रम जुलै २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंद केला. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, त्याचा उपयोग झाला नाही. त्या जुलैत शाळा उघडल्या तेव्हा पुस्तकं बदललेली होती.

शिक्षक घडले, शिक्षकांचे शिक्षक घडले, धडे लिहिणारे घडले. मात्र कार्यक्रम चालू ठेवायचा की नाही हे ज्यांच्या हातात होतं, त्यांच्यासोबत मागच्या बाकावर बसून काम करण्याची सोय या रचनेत कुठेच झाली नव्हती, किंवा झाली ती पुरेशी नव्हती. सुरुवातीची परवानगी देणारे अधिकारी बदलत गेले. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागे. सरकारी रुग्णालयात एखादा चांगला विभाग उभारलेल्या कोणालाही ही कथा अनोळखी वाटणार नाही. निवासी डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ सगळे तयार असतात, आणि फाइल एका टेबलावर अडते. काही जणांच्या मते एकलव्यने सरकारवर फार भिस्त ठेवली, ही चूक होती. पण सरकारी शाळेबाहेर राहून हजार शाळांपर्यंत कोण पोचलं असतं? वेगळं काय करायला हवं होतं, याचं उत्तर अजून तरी कोणी दिलेलं नाही.

तरीही सगळं विरून गेलं असं नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष प्रा. यशपाल होते, आणि पाठांतराकडून करून पाहण्याकडे जाण्याचा त्यातला आग्रह होशंगाबाद माहीत असलेल्याला परका वाटत नाही. ‘सवालीराम’ही अनेकांच्या आठवणीत आहे. हे प्रत्यक्षात नसलेलं पात्र होतं. मुलांनी त्याला पत्र लिहून हवं ते विचारायचं आणि त्याने उत्तर पाठवायचं. उत्तरं लिहिणारी माणसं मागे असत, त्यांचं नाव कुठे नसे. मुलाच्या घरी पोस्टमन स्वतःच्या नावाचं पत्र घेऊन येतो, आणि त्यात त्याच्या प्रश्नाचं उत्तर असतं. मार्गदर्शनाचा याहून स्वस्त प्रकार कोणाला सुचला असेल असं वाटत नाही.

पुण्याशी तर याचा अगदी थेट धागा आहे. १९७८ मध्ये टेल्कोतला एक तरुण अभियंता, आयआयटी कानपूरमधून आलेला, रजा घेऊन होशंगाबादला गेला. त्याचं नाव अरविंद गुप्ता. तिथल्या बाजारात फिरताना त्याला सायकलच्या व्हॉल्व्हला लावायची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे करून त्यांत आगकाड्या खुपसल्या की सांधे तयार होतात. त्रिकोण, चौकोन, घन. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. पूल आणि छपराच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनीच कळतं. पुढे गुप्तांनी नोकरी सोडली, आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी केली, आणि पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हजारो मुलांना ती करायला दिली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि चित्रफिती इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही. फक्त ती व्हॉल्व्हची नळी आता जुन्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात विचारावी लागते. नव्या सायकलींना ती लागत नाही.